नागपूरहून फुकेत : चार रात्रींत समुद्र, क्लब आणि झोप कशी बसवायची

फुकेतला जाऊन आलेल्या कुठल्याही ग्रुपचे फोटो क्रमानं बघा. पहिल्या दिवशी विमानतळावर सगळ्यांचे दात दिसतात. दुसऱ्या रात्री बांगला रोडच्या, म्हणजे तिथल्या बार-क्लबच्या रस्त्याच्या, दिव्यांखाली सगळेच हिरो. तिसऱ्या दिवशी फी फी बेटांकडं निघालेल्या स्पीडबोटीत अर्धे पोट्टे माना टाकून झोपलेले. बोटीचे पैसे भरलेत, समोर हिरवागार समुद्र आहे, आणि डोळे काही उघडत नाहीत. यात दारूचा दोष असतोच, पण त्याहून मोठा दोष आखणीचा. पहाटे चारपर्यंत क्लब आणि सातला बोटीची व्हॅन हॉटेलच्या दारात, हे गणित विशीतही जमत नाही आणि तिशीत तर नावच नको.

त्यामुळं इथं आखणी झोपेपासून सुरू केली आहे. काय काय बघायचं याची यादी कुठंही मिळते. नागपूरहून दोन विमानं बदलून जाणाऱ्या माणसाला चार रात्रींत काय झेपतं आणि काय सोडून द्यावं, हे मात्र जायच्या आधीच ठरवावं लागतं.

तारीख : आपली सुट्टी आणि तिथला समुद्र

फुकेत हे थायलंडचं सगळ्यात मोठं बेट. ते अंदमान समुद्रात आहे आणि सारासिन पुलानं मुख्य भूमीला जोडलेलं आहे. चांगले किनारे जवळजवळ सगळे पश्चिमेला आहेत, म्हणून नैऋत्य मोसमी वारे थेट त्यांच्यावरच येऊन आदळतात. मे ते ऑक्टोबर लाटा उंच असतात, किनाऱ्यावर लाल झेंडे लागलेले असतात आणि बोटी कधीही रद्द होतात. आपल्याला सगळ्यात सोयीचा वाटणारा १५ ऑगस्टचा लाँग वीकेंड नेमका यातच येतो. हॉटेलं तेव्हा अर्ध्या भावात मिळतात हे खरं, पण पाण्यात उतरता येत नसेल तर त्या स्वस्ताईचा उपयोग फक्त क्लबपुरताच. जुलै-ऑगस्टमध्येच जायचं असेल तर थायलंडच्या आखातातलं को सामुई बरं. तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो.

नोव्हेंबर ते एप्रिल हा फुकेतचा खरा मोसम. ख्रिसमसपासून नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भाव आभाळाला भिडतात. तेवढे दिवस टाळून २६ जानेवारीची किंवा फेब्रुवारीतली एखादी जोडसुट्टी धरली, तर समुद्रही शांत मिळतो आणि खिसाही वाचतो.

१४ एप्रिलचा वेगळा विचार करावा लागतो. १३ ते १५ एप्रिलला तिथं सोंगक्रान असतो, म्हणजे थाई नववर्ष. पातोंग, म्हणजे बांगला रोड जिथं आहे तो किनाऱ्याचा भाग, अख्खाच्या अख्खा रस्त्यावर उतरून एकमेकांवर पाणी फेकतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोनं या सणाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ज्यांना १४ तारखेला संविधान चौकात नि दीक्षाभूमीवर असायचंच आहे त्यांचा प्रश्नच मिटला. बाकीच्यांनी सोंगक्रानला गेलात तर फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी घ्या आणि त्या दिवसांत दुचाकीला हातही लावू नका. थायलंडमध्ये या आठवड्यात रस्त्यावरचे अपघात फार होतात.

बौद्ध सणांचे दिवस तर नागपूरकराला सांगायलाच हवेत. माखा बुचा, विसाखा बुचा, आसान्हा बुचा आणि वर्षावासाची सुरुवात व शेवट, या दिवशी थायलंडमध्ये दारूविक्री बंद असते. विसाखा बुचा म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, आणि तिची आपल्याकडे सुट्टी असते. २०२५ मध्ये विसाखा बुचा ११ मेला होती, आपली बुद्धपौर्णिमा १२ मेला. अधिक महिन्यामुळं कधी कधी दोन्हींत महिन्याचंही अंतर पडतं. २०२५ पासून विमानतळ, हॉटेलं आणि परवान्याच्या मनोरंजनस्थळांना सूट मिळाली आहे, पण लहान बार आणि दुकानं त्या दिवशी बंदच धरून चाला. क्लबसाठी जाणाऱ्यांनी थाई सुट्ट्यांचं कॅलेंडर तिकिटाच्या आधी उघडावं.

तिकीट : मुंबई की हैदराबाद

नागपूरहून थायलंडला थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद इथून फुकेतला थेट विमानं मिळतात. बहुतेकांचा ओढा मुंबईकडे असतो. नागपूर-मुंबई दीड तास आणि पुढं साधारण पाच तास. यात पैसे वाचवायला लोक दोन वेगळी तिकिटं काढतात आणि मधे तीन तास ठेवतात. असं करू नका. एकाच बुकिंगवर दोन्ही विमानं असतील तर पहिलं उशिरा आल्यास पुढची सोय कंपनी करते. वेगळ्या तिकिटांत ती जबाबदारी तुमची, बॅगही तुम्हीच उचलायची आणि पुन्हा चेक-इन करायची. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर मधे किमान सहा तास ठेवा. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. नागपूरचं विमान तिकडं उतरणार आणि फुकेतचं सहारच्या टी-२ वरून सुटणार, असं तिकीट स्वस्तात दिसलं तर हात आवरा. त्या दोन विमानतळांच्या मधे मुंबईचं ट्रॅफिक आहे.

हैदराबादचा रस्ता कमी लोकांना सुचतो. नागपूरहून पहाटे सिकंदराबादची वंदे भारत सुटते आणि दुपारी पोचवते. शमशाबाद विमानतळ शहराबाहेर आहे, तरी रात्रीच्या विमानाला भरपूर वेळ उरतो. विमानाचे दर चढले की हा हिशेब एकदा करून बघावा.

समृद्धी महामार्गानं गाडी काढून मुंबईला जायचा बेत तरुण ग्रुपमध्ये हमखास निघतो. ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, जाताना एकवेळ ठीक. पण परतताना गाडी चालवणारा माणूस दोन-तीन रात्री न झोपलेला असणार, आणि समृद्धीवर नुसत्या सरळपणानंच डुलकी लागते. गाडीचा बेत तिथंच रद्द करा.

सुट्टीचा आकार असा ठेवा : गुरुवारी संध्याकाळी नागपूर सोडायचं, शुक्रवारी फुकेत, सोमवारी रात्री परतीचं विमान, मंगळवारी दुपारपर्यंत घरी. चौथी रात्र विमानात जाते, म्हणून हॉटेलच्या रात्री तीनच. मंगळवारी ऑफिसला जाऊ, अशी बढाई साहेबांसमोर मारू नका. मंगळवारची रजा आधीच टाकून ठेवा.

कागद

पासपोर्टची मुदत उतरायच्या तारखेपासून सहा महिन्यांपुढची हवी. भारतीयांना २०२४ च्या जुलैपासून व्हिसाशिवाय ६० दिवस राहायची सवलत सुरू झाली. अशी सवलत त्यांचं सरकार कधीही आवरतं घेऊ शकतं, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाचं संकेतस्थळ बघा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा, अधिकारी विचारू शकतो. राहण्या-खाण्यापुरते पैसे जवळ आहेत हे दाखवायला सांगण्याचाही नियम आहे. ते क्वचित विचारतात, पण रिकाम्या खिशानं त्या रांगेत उभं राहू नये.

१ मे २०२५ पासून थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे टीडीएसी, सक्तीचं झालं. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत थाई इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर ते भरायचं असतं आणि ते पूर्णपणे फुकट आहे. सर्च केल्यावर वरच जाहिरातींत येणारी, डॉलर मागणारी पानं तोतया आहेत. भरल्यावर येणारा क्यूआर कोड फोनमध्ये तर ठेवाच, कागदावरही काढून घ्या.

प्रवास विमा घ्या. दोन-चारशे रुपये वाचवायची ही जागा नाही. पॉलिसीत वॉटर स्पोर्ट्स आणि दुचाकीबद्दल काय लिहिलंय तेवढं तरी वाचा. बहुतेक पॉलिसी दारूच्या नशेत झालेल्या अपघाताचे पैसे देत नाहीत.

क्लबसाठी वय २० पूर्ण हवं. दारू विकत घ्यायलाही तेच वय. दारावर पासपोर्ट मागतात. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून रंगीत झेरॉक्स आणि फोनमधला फोटो यावर बहुतेक ठिकाणी भागतं. ग्रुपमध्ये कोणाचा चेहरा फारच कोवळा असेल, तर त्यानं मूळ प्रत नीट सांभाळून न्यावी.

पैसे

हिशेब सोपा ठेवा : एक बाट म्हणजे तीन रुपये. खरा दर त्याहून थोडा कमी असतो, पण तीननं गुणलं की मनात आपोआप थोडी शिल्लक राहते. सीताबर्डी-धरमपेठेतल्या परवानाधारक मनी चेंजरकडून पहिल्या दिवसापुरते बाट घ्या. उरलेल्या दिवसांसाठी डॉलर न्या आणि पातोंगच्या रस्त्यावरच्या एक्स्चेंज खिडक्यांत बदला. विमानतळावरचा दर सगळ्यात वाईट. थायलंडमधलं एटीएम परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी दोनशे बाटच्या वर शुल्क लावतं, म्हणून थोडे थोडे काढू नका. इथं पोह्याच्या ठेल्यावरही क्यूआर चालतो, त्या सवयीनं यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. रोख आणि एक फॉरेक्स कार्ड हवंच.

अंदाज यावा म्हणून : ठीकठाक हॉटेलची खोली मोसमात दीड ते अडीच हजार बाट, रस्त्यावरचं जेवण ८० ते १५०, बारमधली बिअर १०० ते १८०, तीच सेव्हन-इलेव्हनमध्ये निम्म्या भावात. तासाभराचा थाई मसाज ३०० ते ४००. खोली दोघांत वाटून, क्लब आणि एक बोट धरून माणशी रोजचे चार हजार बाट ठेवलेत तर ओढाताण होत नाही. मोठ्या क्लबमध्ये टेबल घेऊन बाटल्या मागवायच्या असतील, तर हा अंदाज विसरा.

खोली कुठं घ्यावी

विमानतळ बेटाच्या उत्तर टोकाला आहे आणि पातोंग तिथून रस्त्यानं तासभर, गर्दीत त्याहून जास्त. टॅक्सीला आठशे ते हजार बाट पडतात. ग्रॅब किंवा बोल्ट ॲपवर भाव आधीच दिसतो. पश्चिम किनाऱ्यानं जाणारी स्मार्ट बस शंभर बाटमध्ये पातोंग, करोन, काताला सोडते. एकटा-दुकटा माणूस असेल आणि घाई नसेल तर तीच घ्या.

राहायचं कुठं हा खरा निर्णय. बांगला रोडला लागून खोली घेतली की रात्री चालत परतता येतं, पण भिंती पहाटेपर्यंत थरथरतात. आणि आपला सगळा बेत तर झोपेवर उभा. माझं मत पातोंगच्याच मागच्या अंगाला नानाई रोडच्या बाजूला किंवा उत्तरेकडं कलीमच्या टोकाला पडतं. पंधरा-वीस मिनिटं चालणं होतं, आवाज येत नाही आणि भावही उतरतो. ग्रुपमध्ये क्लबपेक्षा पाण्याची ओढ असणारे जास्त असतील तर काता गाठा आणि एखाद्याच रात्री पातोंगला या. चार रात्रींत दोन हॉटेलं बदलायचा मोह टाळा. एक अर्धा दिवस बॅगा भरण्यात आणि रिसेप्शनवर ताटकळण्यात जातो.

चोवीस तास कसे वाटायचे

थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं आहे. तिथले रात्रीचे बारा म्हणजे तुमच्या शरीराचे साडेदहा. हे तुमच्या फायद्याचं आहे, तेव्हा शरीराला थाई वेळेची सवय लावायच्या भानगडीत पडू नका.

२०२३ च्या डिसेंबरपासून फुकेतमधल्या मनोरंजनस्थळांना पहाटे चारपर्यंत परवानगी आहे. त्यामुळं मोठे क्लब बारापर्यंत ओस असतात आणि एकनंतर भरतात. नवखा ग्रुप आठला बाहेर पडतो, दहापर्यंत बारमध्ये पैसे आणि दम दोन्ही संपवतो आणि बाराला, जेव्हा खरी मजा सुरू होते, तेव्हा कोणीतरी फुटपाथवर बसलेला असतो.

त्याऐवजी असा दिवस लावा. सकाळी दहा-साडेदहाला उठायचं, भरपेट खायचं. भर दुपारी उन्हात जायचं नाही. नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत वाढलेल्यांना तिथले तेहेतीस म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही आणि पाणी कमी पडलेलं कळतही नाही. मसाज, जुनं शहर, नाहीतर खोलीतला एसी, दुपार यातच काढा. साडेतीनला किनारा, सूर्यास्तापर्यंत पाण्यात. साडेसातला जेवण. मग साडेआठ ते अकरा झोप, गजर लावून, पडदे ओढून. साडेअकराला आंघोळ करून बाहेर. तीन-साडेतीनला परत, पाणी पिऊन आडवं.

रात्रीच्या जेवणानंतरची ती अडीच तासांची झोप ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना हास्यास्पद वाटेल. पहिल्या रात्री त्यांना करू द्या काय करायचं ते. दुसऱ्या रात्री तेही झोपतात.

तीन रात्रींपैकी क्लबच्या दोनच धरा : शुक्रवार आणि रविवार, नाहीतर शुक्रवार आणि शनिवार. उरलेली रात्र लवकर झोपायची. बोट लावायचीच असेल तर ती या लवकर झोपलेल्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी. एवढा एक नियम पाळला तरी बाकीच्या चुका खपून जातात.

रविवार संध्याकाळसाठी जुन्या फुकेत शहरातल्या थालांग रोडवर आठवडी बाजार भरतो. चारच्या सुमारास सुरू होतो. कथिलाच्या खाणींतून पैसा कमावलेल्या चिनी व्यापाऱ्यांनी बांधलेली रंगीत जुनी घरं आणि रस्ताभर खाण्याचे ठेले. नुसतं फिरा.

किनारे

पातोंगचा किनारा लांब आहे, गर्दीचा आहे, आणि संध्याकाळच्या डुबकीला पुरेसा आहे. पोहायला काता आणि काता नोई जास्त चांगले. दक्षिण टोकाचा नाई हार्न सगळ्यांत देखणा, आणि तिथूनच जवळ असलेल्या प्रॉमथेप केपवरून सूर्यास्त बघायला लोक गर्दी करतात. दिवसाच पार्टी हवी असेल तर कमलाचा कॅफे डेल मार आणि बांग ताओचा कॅच हे बीच क्लब आहेत. तिथं पूल, डीजे आणि समुद्र एकाच ठिकाणी मिळतं. महाग आहेत, पण रात्रीचा एक क्लब वगळून एक दुपार तिथं घालवली तर सौदा वाईट नाही.

विदर्भातल्या आपल्या बहुतेकांचं पोहणं तलावात नाहीतर स्विमिंग पूलमध्ये झालेलं. समुद्राचं पाणी उभं नसतं, ते ओढतं. लाल झेंडा म्हणजे पाण्यात पाय नाही. ओढ लागली तर किनाऱ्याकडं तोंड करून तिच्याशी झगडू नका. दम तिथंच संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, ओढ सुटली की मग आत या. पोहता येत नसेल तर छातीभर पाण्याच्या पुढं जाऊ नका, आणि पिऊन तर समुद्रात उतरायचंच नाही. काही किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या दिसतील. त्या जेलीफिशच्या डंखासाठी असतात. डंख चोळायचा नाही, आधी व्हिनेगर ओतायचं.

बीचवर सिगारेट ओढायला बंदी आहे आणि दंड एक लाख बाटपर्यंत जाऊ शकतो. व्हेप तर थायलंडमध्ये सरसकट बेकायदेशीर. बॅगेत असेल तर घरीच काढून ठेवा.

जेट स्कीबद्दल जरा सविस्तर. पातोंगच्या वाळूवर ती ओळीनं उभी असतात, भाव अर्ध्या तासाचा. तुम्ही फिरून येता, तो माणूस हसत हसत जेट स्की वाळूवर ओढून घेतो आणि वाकून खालच्या अंगावर बोट फिरवतो. तिथं एक पांढरट ओरखडा असतो. मग अजून दोघं-तिघं येतात, कुठलासा दरपत्रकाचा कागद निघतो आणि आकडा हजारोंत जातो. ओरखडा जुना होता हे सिद्ध करायचं तुम्ही. म्हणून एक तर ते भाड्यानं घेऊच नका. घ्यायचंच असेल तर चढायच्या आधी सगळीकडून, वाकून खालूनही, त्याच्यादेखत व्हिडिओ घ्या. पासपोर्ट कोणाकडंही तारण ठेवायचा नाही. प्रकरण चढलं तर ११५५ लावा. तो टुरिस्ट पोलिसांचा नंबर आहे, इंग्रजीत बोलता येतं.

बांगला रोड

संध्याकाळी हा रस्ता गाड्यांना बंद होतो आणि पाचेकशे मीटरचा एक तमाशा सुरू होतो. एका बाजूला उघडे बिअर बार, मधून फुटणाऱ्या गल्ल्या, वर मोठे क्लब. इल्युजन हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, बाहेरदेशीचे डीजे तिथं वाजवतात. प्रवेश फी रात्रीनुसार बदलते आणि बहुतेकदा तिच्यात एखादं ड्रिंक धरलेलं असतं. पावती सांभाळा, तीच कूपन असते. बनियन आणि स्लिपर घालून दारावर वाद घालू नका.

क्लबच्या आधी उघड्या बारमध्ये बसणं होतंच. तिथल्या दोन गोष्टी बसण्याआधी ओळखून घ्या. काउंटरवर तुमच्यासमोर एक छोटा लाकडी पेला असतो. प्रत्येक ड्रिंकची चिठ्ठी गुंडाळून त्यात खोचली जाते, शेवटी सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज म्हणजे बिल. दर दोन ड्रिंकनंतर त्या बाहेर काढून बघा. कोणी वाईट मानत नाही. शेजारी येऊन बसलेल्या मुलीनं ‘माझ्यासाठी एक?’ म्हटलं आणि तुम्ही मान डोलावली, की ते ड्रिंकही याच पेल्यात जमा होतं, आणि त्याचा भाव तुमच्या बिअरपेक्षा जास्त असतो. नको असेल तर हसून नको म्हणा, तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट काउंटरच्या वर टांगलेली घंटा. आपल्याला देवळात शिरताना घंटा दिसली की हात आपोआप वर जातो, तसा इथं जाऊ देऊ नका. ती घंटा वाजवली म्हणजे त्या क्षणी बारमध्ये बसलेल्या सगळ्यांना, कामाला असलेल्या मुलींसकट, तुमच्यातर्फे एकेक ड्रिंक. ग्रुपमधला सगळ्यात उत्साही गडी कोण हे तुम्हाला माहीतच असेल. त्याला घंटेपासून लांबच्या स्टुलावर बसवा.

हातात चित्रांचं कार्ड घेऊन ‘शो, शो, फ्री एंट्री’ म्हणत मागं लागणारे लोक भेटतील. एंट्री फुकट, बाहेर पडताना बिल हजारोंचं, आणि दारात दोन धिप्पाड माणसं. चालत राहा. पिसारे लावून सजलेल्या कलाकारांसोबत फोटो काढला तर पैसे द्यावे लागतात, आणि ते माणशी असतात. आधी भाव विचारा, काढलाच तर मुकाट द्या. चोरून शूटिंग तर अजिबात नको. भारतीय पोरांच्या टोळक्यांबद्दल तिथं जी कुजबुज चालते ती बहुतांशी या मोबाइलमुळंच.

ग्लास नजरेआड झाला तर तो सोडून नवा घ्या. रस्त्यावर विकले जाणारे हवेचे फुगे, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, बेकायदेशीर आहेत. गांजाची दुकानं अजून दिसतील. २०२२ मध्ये तो मोकळा झाला होता, पण २०२५ च्या जूनपासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. आणि त्यातलं चिमूटभर जरी बॅगेत राहून मुंबईला उतरलं, तर पुढचं सगळं एनडीपीएस, म्हणजे आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या हाती.

राजघराण्याबद्दल थट्टा नको. कायदा कडक आहे. नोट पडली तर पायानं अडवू नका, तिच्यावर राजाचं चित्र असतं.

बोट

फी फी किंवा फांग न्गा बे, दोन्हींतलं एकच. स्पीडबोटीचा दिवस दीड ते अडीच हजार बाटला पडतो, शिवाय फी फीला राष्ट्रीय उद्यानाची परदेशी माणसाची फी ४०० बाट. ती भावात धरली आहे का, विचारा. फी फीतला माया बे हा किनारा गर्दीनं खराब झाल्यामुळं २०१८ ते २०२२ बंद होता. आता दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद ठेवतात, आणि उघडा असतानाही तिथं पोहू देत नाहीत, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. पाठदुखीवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी स्पीडबोट टाळून मोठी फेरीबोट घ्यावी. प्रवाळांना अपायकारक रसायनं असलेलं सनस्क्रीन सागरी उद्यानांत चालत नाही, ‘रीफ सेफ’ लिहिलेलं घ्या.

दुचाकी

भाड्यानं स्कूटर दोन-तीनशे बाटला सहज मिळते आणि दुकानदार लायसन्स विचारत नाही. पोलीस मात्र विचारतात, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी तर आधी तेच विचारते. दुचाकीचा प्रकार नमूद असलेलं आंतरराष्ट्रीय परमिट हवं. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करून आरटीओकडून मिळतं, फी हजार रुपये, मुदत वर्षाची. ते नसेल तर ॲपची टॅक्सी. असेल तरी पातोंगच्या घाटात रात्री नको. चढ-उतार आणि वळणं दोन्ही तीव्र आहेत, आणि रिंग रोडचा सराव तिथं कामाला येत नाही.

खाणं

शाकाहाऱ्यांनी ‘जे’ हा शब्द पाठ करावा. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात तो लिहिलेला असतो. अशा ठिकाणी मांस, मासे, अंडी नसतातच, वर कांदा-लसूणही नसतो. बाकी कुठं ‘व्हेज’ म्हटलं तर भाज्या असतात, पण त्यात फिश सॉस पडतोच. फुकेतचा नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात येतो, अनेकदा आपल्या नवरात्राच्याच दिवसांत, आणि तेव्हा गल्लोगल्ली जे मिळतं.

सावजीवर पोसलेल्यांनी तिथं ‘थाई स्पायसी’ म्हणायची फुशारकी एकदा करून बघावी. क्लबच्या रात्री मात्र नाही. त्या रात्री साधा फ्राइड राइस खा, आणि परतताना सेव्हन-इलेव्हनमधलं गरम टोस्ट सँडविच. पहाटे साडेतीनला तिथं नेहमीच रांग असते.

परत येताना

सोमवारी खोली बाराला सोडावी लागते आणि विमान रात्री. बॅगा हॉटेलातच ठेवून घेतात, तेवढी सोय मागा. पातोंगहून विमानाच्या चार तास आधी निघा. डोंगर ओलांडतानाच कोंडी होते आणि फुकेत विमानतळावर इमिग्रेशनची रांग लांब असते.

दारू माणशी दोन लिटर आणता येते. मुंबईत कस्टममधून बाहेर पडल्यावर नागपूरच्या विमानासाठी पुन्हा सिक्युरिटी लागते, तेव्हा बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाका. आणि ग्रुपमध्ये कोणी वर्ध्याचा असेल तर त्याची बाटली नागपुरातच कोणाकडं तरी राहू द्या. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि ड्यूटी फ्रीची पावती तिथं दाखवून उपयोग नाही.